सासरच्या विहिरीचा निकाल

चिकलठाण्याच्या एका औषध कंपनीत मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. काम एका वाक्यात सांगता येतं. गोळीत जेवढं औषध असल्याचं पाकिटावर छापलंय, तेवढं ते आहे की नाही हे पाहायचं. गोळी कुटायची, विरघळवायची, गाळायची आणि बोटाएवढ्या चौकोनी नळीत भरून यंत्रात ठेवायची. यंत्र त्यातून अतिनील प्रकाश सोडतं. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. औषध त्यातला काही गिळतं, उरलेला पलीकडे पोचतो, आणि किती गिळला त्यावरून औषध किती आहे ते कळतं. नळी साध्या काचेची चालत नाही, कारण काच स्वतःच तो प्रकाश अडवते. ती क्वार्ट्झची लागते आणि महाग असते. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचे की नळी खरबरीत बाजूनं धरा, आणि फोडलीत तर दोन दिवस मला तोंड दाखवू नका.

या कामाला हुशारी लागत नाही, शिस्त लागते. गोळीत काय आहे हे आधीच माहीत असतं. तापाच्या गोळीत तापाचंच औषध असणार, तिथं दुसरं काही निघत नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच. म्हणून प्रत्येक औषधाची एक तरंगलांबी ठरलेली असते. यंत्र तिच्यावर लावायचं, आकडा टिपायचा, की पुढची नळी. माझी चूक या सवयीतून झाली, म्हणून आधी सवय सांगितली.

मी शिकले होते मात्र वेगळ्या गोष्टीसाठी. विद्यापीठात एम.एस्सी.ला आम्हाला एक सर होते. त्यांचा विषय वर्णपटाचा आणि जीव शुक्रावर. दुर्बिणीतून पाहिला तर शुक्र घासलेल्या बशीसारखा कोरा दिसतो. सर तोच शुक्र अतिनील प्रकाशात टिपलेल्या फोटोत दाखवायचे. त्यात ढगांवर काळपट पट्टे असायचे, कुणी ओल्या फडक्यानं पुसून अर्धवट सोडल्यासारखे. म्हणजे त्या ढगांत काहीतरी आहे आणि ते हा प्रकाश गिळतंय. आपल्याकडं वरची हवाच तो बराचसा अडवते, म्हणून असली यंत्रं यानात घालून हवेच्या वर पाठवावी लागतात. ती पाठवली गेली. गंधकाचा वायू सापडला, त्यानं काही पट्ट्यांचा उलगडा झाला, पण सगळ्यांचा नाही. उरलेलं काय आहे, हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नव्हतं. अजूनही त्यावर एकमत झालेलं नाही.

मी तेव्हा उतावळी होते. इतकी यानं गेली, इतकी माणसं डोकं लावून बसली, तरी एखादं नाव का ठेवून टाकत नाहीत, असं मी वर्गात विचारलं. सर म्हणाले, "काहीतरी गिळतंय, एवढं आपल्याला दिसलंय. कोण गिळतंय ते दिसलेलं नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत." मी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि मला चांगले गुण मिळाले. त्या विषयात पुढं संशोधन करायचं म्हणून मी एका संस्थेकडं अर्जही केला होता. बोलावणं आलं नाही. लग्नामुळं राहून गेलं असं सांगायला बरं वाटतं, पण तसं काही नव्हतं.

सासर वैजापूरच्या पुढचं. कांदा, कापूस, बाजरी, दोन बैलजोड्या, आणि घराला लागून असलेल्या रानात एक विहीर. माझे सासरे सगळ्या गोष्टींचा काळ निजामावरच्या पोलिस ॲक्शनवरून सांगायचे. थोरल्या बहिणीचं लग्न आधीचं, विहीर नंतरची. विहिरीचं पाणी अख्खी वस्ती भरायची आणि सासऱ्यांना त्याचा अभिमान होता. माझ्या नोकरीबद्दल मात्र तिथं कुणाला फारसं कळत नव्हतं. कुणी विचारलं तर सासरे सांगायचे की सूनबाई गोळ्या मोजती. ऐकणारा माणूस मी दिवसभर एक, दोन, तीन करत बसलेय असं समजायचा. पहिली काही वर्षं मी खुलासा करून पाहिला, मग सोडून दिलं.

होळी झाली की या रानात दरवर्षी एक मेंढपाळ कुटुंब बिऱ्हाड टाकायचं. म्हातारा, म्हातारी, दोन मुलगे, सुना, नातवंडं आणि दोनेकशे मेंढरं. पेरणीच्या आधी रिकाम्या रानात मेंढरं बसवली की त्यांच्या लेंड्या-मुताचं खत होतं. रात्री मेंढरं आपल्या रानात बसतात, बदल्यात शेतकरी धान्य देतो, आणि प्यायला पाणी आपल्याच विहिरीचं. सासऱ्यांच्या वडिलांनी त्या म्हाताऱ्याच्या वडिलांना पहिल्यांदा बसवलं होतं. तेव्हापासून कुणी कुणाला आमंत्रण दिलेलं मी ऐकलं नाही. होळी झाली की ते आपले यायचेच.

त्या साली माझ्या धाकट्या जावेचं बाळ सारखं आजारी पडत होतं. आठ दिवस बरं, आठ दिवस जुलाब. वैजापूरच्या डॉक्टरांनी औषध देता देता पाणी एकदा तपासून घ्या असं सांगितलं. घरात विचार झाला की पाणी तपासणार कोण, आणि कुणालातरी माझी आठवण झाली. सासऱ्यांनी निरोप पाठवला. मी स्वच्छ धुतलेली एक बाटली दिली, आणि सासरे कचेरीच्या कामासाठी शहरात आले तेव्हा ती भरून घेऊन आले. बाटली त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणली होती. मला मनातून फार आनंद झाला, हे मी लपवणार नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घराला माझ्या शिक्षणाचं काम पडलं होतं.

कंपनीचं यंत्र घरच्या कामाला वापरायची परवानगी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले तेव्हा मी विहिरीचं पाणी गाळलं आणि नळीत भरलं. खताचं आणि घाणीचं पाणी विहिरीत झिरपलं की त्यात नायट्रेट वाढतं, आणि ते लहान बाळांना वाईट. नायट्रेट दोनशे वीस नॅनोमीटर तरंगलांबीवर प्रकाश गिळतं. यंत्र दोनशे वीसवर लावलं. आकडा वर गेला, मर्यादेच्या दुपटीहून वर. नियम असा आहे की दुसरं एक माप दोनशे पंचाहत्तरवर घ्यायचं. तिथं नायट्रेट गिळत नाही. तरीही तिथं आकडा आला तर समजायचं की पाण्यात आणखी काही आहे, आणि पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे मला पाठ होतं. पण जिन्यावर पावलं वाजली, मी नळी काढून धुतली, आणि दुसरं माप राहिलं. दुसऱ्या दिवशीही घेता आलं असतं. मला गरज वाटली नाही. पाण्यात काय आहे ते मला आधीच माहीत होतं.

शनिवारी गावी जाऊन मी निकाल तोंडी सांगितला. नायट्रेट फार आहे, बाळाला हे पाणी देऊ नका. सासऱ्यांनी विचारलं, ते येतं कुठून. मी तीन कारणं सांगितली, युरिया, जनावरांचं शेण-मूत आणि संडास. युरिया त्यांनी स्वतः टाकला होता, त्याचा विचार कुणी केला नाही. संडास वस्तीत एकाकडंही नव्हता. उरली मेंढरं.

संध्याकाळी म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. मी आत चहा करत होते. ओसरीवरचं बोलणं ऐकू येत होतं. सासरे कठोर नव्हते, उलट त्यांना अवघड झालेलं जाणवत होतं. "माझ्या मनाचं नाय सांगत," ते म्हणाले. "सूनबाईनं यंत्रावर पाह्यलंय." म्हातारा एवढंच म्हणाला, "व्हय मालक." चहा घेऊन मी बाहेर आले तर तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी एस.टी.त बसले तेव्हा रान रिकामं दिसत होतं. मला वाईट वाटलं का, तर थोडं. त्याहून जास्त मला महत्त्व आल्यासारखं वाटलं.

निकालाला पाय फुटायला वेळ लागला नाही. आमच्या गावानं त्यांना बसवलं नाही, मग शेजारच्या गावानंही नाही. बाजारात बोललं जाऊ लागलं की यांच्या मेंढरांनी हिरी नासतात, तिकडं एका सुनेनं यंत्रावर पाहिलंय. गंमत म्हणजे इतर मेंढपाळांना कुणी काही म्हणालं नाही. नाव एकाच कुटुंबाचं झालं. आणि तिकडं बाळ सुधारलं. मेंढरं गेली, बाळ बरं झालं, आता आणखी काय पुरावा पाहिजे, असं सासरे म्हणायचे. वस्तीतली माणसं आता मला डोकेदुखीपासून कपाशीच्या किडीपर्यंत सगळं विचारू लागली.

दिवाळीला गेले तेव्हा जाऊबाई चुलीपुढं बोलता बोलता म्हणाल्या की तुम्ही सांगितलं खरं, पण बाळापुरतं पाणी रोज दुसरीकडून आणायला कुणाला होतंय. "म्या आपलं हिरीचंच पाणी उकळून देते," त्या म्हणाल्या. "तवापासनं पोट बिघडलं नाय." मी करंजी हातात धरून बसले होते. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. जंतू मात्र उकळल्यावर मरतात. बाळ ज्यानं बरं झालं, त्याचा माझ्या निकालाशी काहीच संबंध नव्हता. हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि ते मी पुढचे दोन दिवस कुणालाही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सासूबाई प्रवासासाठी माझी पाण्याची बाटली भरत होत्या. भरून झाल्यावर त्यांनी अंगणातल्या तुळशीची चार-सहा पानं चुरून आत टाकली. मी विचारलं, आत्याबाई, हे नेहमी करता का. त्या म्हणाल्या, घराबाहेर जाणारं पाणी आहे, टाकावीत. मग मी तपासणीच्या बाटलीचं विचारलं. "त्यात तर मूठभर टाकली व्हती," त्या म्हणाल्या. "तुमच्या कंपनीत मोठमोठे लोक बघणार. आपल्या हिरीचं पाणी वंगाळ निघू नये म्हणून." दोन दिवस मुरू दिली, आणि सासरे शहराला निघताना पदरानं गाळून पानं काढली, म्हणजे पाणी पुन्हा स्वच्छ दिसेल. तुळशीत जे जे असतं ते पाण्यात उतरतं, आणि दोनशे वीसवर ते भरपूर प्रकाश गिळतं. दोनशे पंचाहत्तरवरही गिळतं. दुसरं माप घेतलं असतं तर तिथंच कळलं असतं.

मी सासूबाईंना काही बोलले नाही. त्यांनी विहिरीच्या अब्रूसाठी केलं होतं. बाटली मीच धुऊन मीच भरायची, हे कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी दुसऱ्या बाटलीत विहिरीतून स्वतः पाणी शेंदून घेतलं. सोमवारी वरिष्ठांना विचारून, म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी आहे एवढंच सांगून, दोन्ही मापं घेतली. दोनशे पंचाहत्तरवर जवळजवळ काहीच नव्हतं. नायट्रेट मर्यादेच्या पुष्कळ खाली होतं. मी तीनदा मोजलं.

सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चूक कुणाच्या हातून होत नाही? पुढच्या साली येतील तेव्हा पाहू. मी म्हटलं, येणार कसे, आपण नको म्हटलंय. त्यावर ते अडकित्ता शोधायला उठले. मला त्यांचा राग आला. पण निकाल त्यांचा नव्हता.

म्हाताऱ्याचं बिऱ्हाड हर्सूलच्या बाजूला असल्याचं एका नातेवाइकाकडून कळलं. एका रविवारी मी लुना काढून गेले. तलावाच्या पलीकडं एका मोकळ्या माळावर ते होते. रान कुणी दिलं नव्हतं, नुसते थांबले होते. मेंढरं निम्म्यानं कमी दिसली. मुलगे मजुरीला गेले होते. म्हातारा उन्हात बसून लोकर कातत होता. मी ओळख दिली. त्यानं सुनेला सांगून मला बसायला घोंगडी टाकायला लावली.

सगळं सांगितलं. बाटली, तुळस, माझी घाई, दुसरं माप. तो कातत ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी मेंढरांचं नव्हतं?"

मी खरं तेच सांगायला गेले. म्हटलं, उन्हाळ्यातल्या त्या पाण्यात काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी नीट पाहिलं नव्हतं. आत्ताचं पाणी चांगलं आहे, हे मात्र मी मोजलंय.

"ते मला नगं सांगू लेकी," तो म्हणाला. "मेंढरांचं व्हतं का नव्हतं?"

मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी ओसरीवर काहीच का बोलला नाहीत. तो म्हणाला, "कुणी इचारलं? आम्ही बी त्याच हिरीचं पाणी पीत व्हतो. माझा नातू त्याच रानात झाला. तुमच्या बाळाच्या बरोबरीचा हाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्यानं जास्त लाज वाटली. घोंगडीवर बसवत नव्हतं. नातू समोरच एका कोकराच्या मागं धावत होता आणि चांगला गुटगुटीत होता.

त्यानं कागद मागितला. गावोगाव दाखवायला. पहिला निकाल देताना कागद लागला नव्हता, आता लागत होता. कंपनीचे छापील कागद माझ्या खणात होते, पण त्यावर लिहिलं असतं तर पहिल्या वेळी परवानगी न घेता यंत्र कसं वापरलं, हेही पुढं आलं असतं. मी भित्री होते. पर्समधल्या वहीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, की अमुक गावच्या विहिरीचं पाणी पुन्हा तपासलं, ते पिण्यास योग्य आहे, आधीचा निकाल माझ्या चुकीमुळं दिला गेला. शेवटी लिहिलं, "यांच्या मेंढ्यांचा दोष नव्हता." खाली सही, शिक्षण, हुद्दा. मोजलं त्यापेक्षा जास्त सांगण्याची ती माझी दुसरी वेळ. त्यानं वाचून दाखवायला सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. शिक्का नाही का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवलं.

कागद चालला. होळीनंतर दोन गावांत त्यानं तो चावडीवर वाचून घेतल्याचं कानावर आलं. सासऱ्यांनीही माणूस पाठवून बोलावून घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी माफी मागितली नाही, पण धान्य आधीच काढून ठेवलं. मेंढरं पुन्हा आमच्या रानात बसली. मला वाटलं, झालं एकदाचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले. दुपारी विहिरीपाशी उभी होते तर म्हातारी समोरच्या पांदीतून येताना दिसली. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. माझ्यापासून दहा पावलांवरून, विहिरीच्या कठड्याला वळसा घालून ती रानाकडं निघाली. मी हाक मारली. पाणी कुठून आणलं विचारलं, तर ओढ्यापलीकडच्या हातपंपावरून म्हणाली. तो हातपंप मैलभर लांब आहे. मी म्हटलं, अहो, इथं भरा ना, हे पाणी चांगलं आहे, मी स्वतः पाहिलंय.

ती थांबली, पण हंडे उतरवले नाहीत. "चांगलंच हाय की," ती म्हणाली. "आम्हाला कवा वाईट वाटलं? पण उद्या पुन्हा त्यात काय निघालं, तर आम्ही हिरीला हात लावला नव्हता, एवढं तरी सांगता यील."

मी कळशी घ्यायला हात पुढं केला. राहू द्या वयनी, म्हणून ती पुढं गेली. नंतर सासूबाईंनी सांगितलं की होळीपासून त्यांच्यातलं कुणीही विहिरीवर आलेलं नाही. नातवालासुद्धा त्यांनी ताकीद दिली होती. तो आमच्या बाळाशी खेळायला अंगणात यायचा, आणि तहान लागली की पळत बिऱ्हाडाकडं जायचा.